दहा वाजेपर्यंत

बीप. मग बराच वेळ काही नाही. मग बीप.
जुलैची रात्र, किरिंदीचं पानं झडलेलं जंगल,
आणि माझ्या हेडफोनच्या आत साठ ग्रॅमचा एक जीव,
कात्राफायच्या ढोलीत शेपूट पांघरून
निवत चाललेला.

आम्ही त्याला त्सिदी म्हणतो. वहीत तो एकोणीस नंबर.
त्याच्या गळ्यातलं यंत्र अंगात ऊब असली की भराभर बोलतं,
अंग निवलं की शब्द गिळतं.
मी दोन बीपमधलं अंतर मोजते,
तक्त्यात बोट फिरवते:
एकला चौतीस.
तीनला बावीस.
चारला सतरा. झाडाचंही सतरा.
या वेळी झाड कुठे संपतं, त्सिदी कुठे सुरू होतो,
माझ्या वहीला सांगता येत नाही.

चारला मलाही हुडहुडी भरते.
परवा सहज थर्मामीटर जिभेखाली धरला,
संध्याकाळपेक्षा जवळजवळ एक अंश कमी.
म्हणजे माझ्यातही कुणीतरी रोज
चुलीतलं एक लाकूड मागे ओढून ठेवतं.
एकच. त्सिदीसारखी सगळी चूल विझवायची
मला सोय नाही.

मी सात वर्षांची असताना
बाबांनी पाडलेल्या खोडातून असाच एक पडला.
गारठून गोळा. बाबा म्हणाले, मेलाय.
पण टाकवेना, म्हणून ओंडक्यावर ठेवला उन्हात
आणि कुऱ्हाडीला धार लावत बसले.
दहाच्या सुमाराला पाठीवरचे केस हलले.
मग एक डोळा.
मग ओंडक्यावर कुणीच नव्हतं.
बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

ते गेले पहाटे चारला.
बायका रडत होत्या, कुणी पाणी तापत ठेवलं होतं.
ऊन दारात आल्यावर
मी त्यांची चटई उंबऱ्याशी ओढली
आणि कुणाला काही न सांगता
दहा वाजेपर्यंत बसले.
हात कोमट झाला होता, खरंच.
उन्हात दगडही होतो.

डॉक्टर हेरिनिरीना आलेख दाखवताना म्हणाल्या होत्या,
अठ्ठाविसापर्यंत त्याला ऊन चढवतं, व्हुआहिराना,
पुढचं ज्याचं त्याने चढायचं.

आता ऊन ढोलीच्या तोंडाशी.
बीप. बीप.
सव्वीस. सत्तावीस.
अठ्ठावीस.
अजून अठ्ठावीस.

मग हेडफोनमध्ये कुणीतरी पायऱ्या चढत पळत यावं तसं—

दुपारी बाई वही बघतात,
दहा वाजून पाच मिनिटांच्या ओळीवर थांबतात.
हा आकडा वाचता येत नाही, म्हणतात.
नीट काढ.