हातचे चार

परवान्याच्या यादीत किराणा होता,
औषधं होती, कुत्र्याला पाय मोकळे करून आणणं होतं.
समुद्र नव्हता.
वाल्दिव्हियात त्या वर्षी आठवड्याला दोन परवाने, प्रत्येकी तीन तास,
आणि माझे शिंपले सतरा किलोमीटरवर, निएब्लाच्या खडकांवर
(गावाच्या नावाचा अर्थच धुकं),
लोखंडी चौकटीत, हातभर लांब, हातभर रुंद,
दर अमावास्येच्या ओहोटीला मोजायचे.
तीन वर्षं. एकही ओहोटी चुकवायची नाही,
असं मीच लिहून दिलं होतं, शिष्यवृत्तीच्या अर्जात, ठळक अक्षरांत.

घरात आम्ही दोघी. येसेनिया तत्त्वज्ञानवाली,
काळ या विषयावर तिसरं प्रकरण लिहीत होती
आणि शेगडीची लाकडं वाळत नाहीत म्हणून रडत होती.
टेबल एकच. दुपारपर्यंत तिचं, मग माझं.
विद्यापीठाचं पत्र आलं: काळजी घ्या.
दुसरं आलं: मुदतवाढ विचाराधीन आहे.
तिसऱ्यात तेच, सही तेवढी वेगळी.
नदीतले समुद्रसिंह मात्र रिकाम्या मासळीबाजारात शिरून
बिनपरवाना घोरत पडायचे.

चौकट राहिली होती दोन्या एदुविहिसच्या पडवीत,
वाळत घातलेल्या शेवाळाच्या जुड्यांमागे.
एप्रिलात तिचा फोन:
"पोरी, तुझं हे लोखंड गंजतंय. मी मोजू का?"

मग तिचे निरोप यायचे, निम्मे वाऱ्याचेच.
एप्रिल: मोठे त्रेसष्ट, लहान खूप.
मे: मोठे अठ्ठावन्न, लहान खूप, एक तारामासा. त्याला हाकललं.
(हाकलायचं नसतं, हे मी तिला सांगितलं नाही.)
जून: मोठे साठ, लहान खूप, गुडघा दुखतोय.
जुलैच्या निरोपात शब्दच नाहीत.
चार मिनिटं दहा सेकंद नुसतं पाणी,
शेवटी नाक ओढल्याचा आवाज.
तो कोष्टकात कुठल्या रकान्यात भरायचा?
ऑगस्टात कळलं. भाऊ.
शवपेटीमागे मोजून पाच माणसं चालू दिली.

"'खूप' हा आकडा नाही, मिलेन्का,"
पडद्यावरून प्राध्यापक ओयार्सून म्हणाल्या,
"आणि न शिकलेल्या हाताची मोजणी आपल्याला घेता येत नाही."
त्यांचं बरोबर होतं.
त्यांच्या पाठीमागे त्यांचा मुलगा बेरजा करत होता, मोठ्यानं,
हातचा एक, हातचा एक.

म्हणून आलेखाची रेघ मार्चला तुटते, ऑगस्टला पुन्हा उगवते.
खाली तळटीप: क्षेत्रभेटी शक्य झाल्या नाहीत.
कुणाला झाल्या नाहीत, कुणाला झाल्या,
तळटिपेच्या वाक्यात माणूसच नसतो.

तोंडी परीक्षाही पडद्यावर.
अंतोफागास्ताच्या परीक्षकांनी विचारलं,
या रिकाम्या जागेत काय घडलं असावं?
म्हटलं, अंदाज बांधता येईल. आणि बांधला.
त्यांनी मान हलवली,
किंवा चित्र अडकलं होतं.

पदवीनंतर चौकट परत न्यायला गेले.
तिच्या एका कोपऱ्याला लाल लोकर, दोन्यानं बांधलेली,
लाटेनं ओढून नेली तर दिसावी म्हणून.
मी गाठ सोडली नाही.
इतके महिने विचारायचं राहिलेलं विचारलं,
लहान खूप म्हणजे किती?

तिनं शेवाळाची जुडी उलटी केली, दुसरी बाजू उन्हाला दिली.
"मोजत बसलीस तर पाणी कमरेला लागेल,
इतके."