खाडा

पहिली नऊ वर्षं मी सिव्हिलच केलं.
धोबीतलावला, लघुवाद न्यायालयात, धुरूसाहेबांच्या मागे
फायली छातीशी धरून.
गच्चीवरच्या एका टाकीचा दावा होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
वादी वारला, प्रतिवादी वारला,
टाकी गळत राहिली, वारस रेकॉर्डवर येत राहिले.
साहेब म्हणायचे, अशील रडतो, कागद बोलतो;
तू कागदाकडे कान दे.

मग सुगंधा वाळंज आल्या,
कांजूरच्या औषध कंपनीतून, सतरा वर्षं पॅकिंगला.
एका सोमवारी गेटवरच्या पोराने सांगितलं, तुमचं नाव नाही.
"नाव नाही म्हणजे काय हो, वकीलबाई?
मी तर आहे."

कायद्याला दोनशे चाळीस दिवस लागतात.
वर्षात तेवढे भरले
की माणूस सहजासहजी पुसता येत नाही.
कंपनीच्या मस्टरात त्यांचे दोनशे एकवीस भरत होते.
त्याच्या आदल्या वर्षी दोनशे अठरा. त्याच्या आदल्या, पुन्हा एकवीस.
इतक्या शिस्तीने कोण आजारी पडतं?

त्यांनी माझ्या टेबलावर पिशवी उलटी केली.
कॅन्टीनची कुपनं, रबराने बांधलेली:
चहा-वडा, चहा, चहा, उसळ.
बोट कापलं त्या दिवसाची दवाखान्याची चिठ्ठी.
भिशीची वही.
आम्ही दोघी जमिनीवर बसून दिवस मोजले,
शेवटच्या वर्षाचे दोनशे चौसष्ट निघाले.
त्या म्हणाल्या, अजून असतील,
मी रोज काही खात नव्हते.

वांद्र्याच्या कामगार न्यायालयात
पंखा फक्त टायपिस्टवर फिरतो.
कंपनीचा साक्षीदार क्रमांक एक: टाइमकीपर,
निवृत्तीला आठ महिने,
खिशात दोन पेनं, निळं आणि लाल.
अक्षर तुमचंच?
हो.
लाल शाईतले खाडे तुम्हीच मांडलेत?
हो.
त्या त्या दिवशी?
तो गप्प.
पुढचा प्रश्न माझ्या कागदावर लिहिलेला होता, खाली दोन रेघा मारून:
दुसरं मस्टर कुठे असतं?

ते मला माहीत होतं.
आमच्याकडे ते कपाटावर असायचं, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी.
दत्ताराम म्हाप्रळकर, टाइमकीपर, रंगाचा कारखाना, भांडुप.
महिनाअखेरीला बाबा ते खाली काढायचे
आणि मला हाक मारायचे, कारण माझी रेघ सरळ यायची.
चौथीत होते मी. पट्टी धरून एकतीस उभ्या रेघा,
एका पानाला एक लिमलेटची गोळी.
नावं बाबा लिहायचे. लाल पेन बाबांचं.
एकदा विचारलं होतं, हे सगळे एकदम कुठे जातात?
गावाला, ते म्हणाले.
मी गोळी चघळत पुढचं पान उलटलं.

मॅडम, प्रश्न आहे की संपलं?
विचारला मी.
साहेबांनी शिकवलेल्या त्याच सपाट आवाजात.
टाइमकीपर टायपिस्टच्या बोटांकडे बघत होता.
"घरी," तो म्हणाला. "ते मी घरी लिहितो."
हे रेकॉर्डवर आलं.
समोरचे वकील उठले, तारीख मागितली, मिळाली.
सुगंधाबाईंनी माझा हात दाबला.
मी तो सोडवून घेतला,
फायली बांधायच्या होत्या.

मुलुंडला बाबा आता एकटेच.
दाराआडच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात.
मोतीबिंदूमुळे फुली चौकटीबाहेर जाते,
कधी शेजारच्या तारखेला लागते.
या महिन्यात तीन खाडे, ते म्हणाले, दूधवाल्याने दोनच धरलेत,
बघ गं, तू वकील ना.
मी कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं,
एक तारखेपासून बोट फिरवलं.
"दोनच आहेत, बाबा."
"नीट बघ," ते म्हणाले,
आणि पेन पुढे केलं.