पान नऊ, झुंबर क्रमांक ४१२

भोसरीच्या दिव्यांच्या कंपनीचा कॅटलॉग,
पान नऊ, झुंबर क्रमांक ४१२,
आणि त्यापुढे एक विशेषण : लॅम्बंट.
शब्दाला पंच्याऐंशी पैसे मिळतात मला,
या एकाने अख्खी सकाळ खाल्ली.

चकचकीत लिहिलं, तर ती स्टीलची वाटी.
लखलखीत, त्यात सोन्याचा भाव ऐकू येतो.
झगमगीत म्हणजे लक्ष्मी रस्ता, दिवाळीआधीचा शनिवार.
आणि मिणमिणतं झुंबर कोण विकत घेणार?

अप्पा बळवंत चौकातून आणलेला कोश,
पुठ्ठा गेलेला, पानाचा कोपरा कसरीने कुरतडलेला,
तरी मूळ शाबूत होतं :
लॅटिन लांबेरे. चाटणे.
आधी ज्वाळेला म्हणत,
जी वस्तूवरून जीभ फिरवते आणि जाळत नाही.
मग जाळ गळाला, मऊ उजेड तेवढा राहिला.
पुढे कुणाच्या विनोदालाही लावला,
न डसणाऱ्या.

म्हणजे उजेडाला जीभ होती.
आपल्या अग्नीला तर सात आहेत,
पण सगळ्या भुकेल्या.

श्रोत्रींचा फोन : "चमकदार लिहा हो, संपवा.
गिऱ्हाईक झुंबर घेतं, व्युत्पत्ती नाही."
बरोबरच आहे त्यांचं.

संध्याकाळी दुधाला खडकीच्या गवळीवाड्यात गेले.
शिवलिंग औरंगे म्हणाला, थांबा ताई, आज उशीर आहे,
चंद्री व्यालीय.
चाळीसच्या बल्बखाली
काळं रेडकू, पायांची घडी अजून न मोडलेली,
आणि ती चाटत होती.
काथ्यासारखी जीभ, मानेवरून पाठीवर,
पुन्हा मानेवर,
खरखर दारापर्यंत ऐकू येत होती.
जीभ जाईल तिथे केस उलटे उभे राहायचे
आणि त्या काळ्यावर उजेड यायचा.
बल्बचाच,
पण तिने बोलावल्याशिवाय न आलेला.

"चीक हवा असेल तर उद्या," औरंगे म्हणाला.
मी हो म्हटलं.
रिकामा कॅन हातात धरून बराच वेळ उभी होते.

घरी आले. पान नऊ.
'तुकतुकीत' लिहिलं. खोडलं.
'चाटून आलेला' लिहिलं, एकटीच हसले, खोडलं.
दहा वाजता पाठवून दिलं : चमकदार.
पंच्याऐंशी पैसे.

कोशात मात्र, कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यालगत,
पेन्सिलीने, बारीक :
रेडकू.