चौदा नंबरच्या बसला पार्श्वसंगीत नसतं

मंगळवारी दुपारी मोरकमच्या थिएटरात
दिवे पूर्ण मालवत नाहीत.
आवाज थोडा कमी, मधेच उठून फिरलं तरी चालतं,
मोठ्यानं बोललं तर कुणी दटावत नाही.
लिन्झी आणि नेव्हिल मधल्या रांगेत,
मी मागे, दोन खुर्च्या सोडून,
कारण लिन्झीनं बजावलंय:
"डेट आमची आहे. तू कामावर आहेस."

पडद्यावर त्यांच्यासारखाच म्हणून दाखवलेला एक तरुण.
"नाटक करतोय हा," लिन्झीनं पहिल्या मिनिटात ओळखलं,
"तोंड उघडं ठेवायचं मधूनच विसरतो."

तो पहिल्यांदा एकटा बसमध्ये चढतो.
लगेच व्हायोलिनं सुरू.
तिकीट काढतो, व्हायोलिनं वाढतात.
फुटपाथवर त्याची आई रुमाल शोधते.
माझाही हात पर्समध्ये गेला, खोटं कशाला बोलू.
लिन्झी मागे वळली, भर आवाजात:
"एवढं काय वाजवतायत? बसमध्येच बसलाय ना?"

तेवीस वर्षं ती चौदा नंबरनं लॉन्ड्रीत जाते.
हॉटेलच्या चादरी,
चार कोपरे जुळवून घडी.
ड्रायव्हर म्हणतो, आटप बाई, पास उलटा धरलायस.
ती म्हणते, तूच उलटा बसलायस.
झालं. बस सुटते.

पुढे तो आणि त्याची मैत्रीण
ओठांच्या अगदी जवळ येतात,
आणि कॅमेरा उठून खिडकीकडे जातो
एखाद्या सोवळ्या मावशीसारखा.
काचेबाहेर कबुतरं.
नेव्हिल वाट बघत राहिला.
कबुतरं उडाली, सकाळ झाली.
"मधे काय झालं?" त्यानं विचारलं.
लिन्झी त्याच्या कानात काहीतरी बोलली.
एक्कावन्न वर्षांचा बाप्या, लालबुंद होऊन
सांडलेलं पॉपकॉर्न शोधू लागला.

बाहेर ओहोटी. समुद्र पार लांब गेलेला,
नुसता चिखल चमकत होता.
चिप्सवर व्हिनेगर ओतता ओतता लिन्झी म्हणाली,
"तिच्या दाराची किल्ली कुणाकडे असते,
ते दाखवलंच नाही."

लिन्झीच्या दाराची दुसरी किल्ली
माझ्या गळ्यातल्या पट्ट्याला आहे.

फायलीत नेव्हिलच्या मुक्कामाचं एक पान आहे.
धोका: मध्यम.
खाली माझ्याच अक्षरात, निळ्या पेननं:
लिन्झी आनंदी दिसत होती.
दिसत होती.
एकत्र राहायचं म्हटलं
तर दोघांचे भत्ते एकत्र मोजतात, कमी करतात.
पिक्चरमध्ये हे येत नाही,
याला कुठलं व्हायोलिन लावणार?

तळहाताच्या फोडासारखं जपतो आम्ही त्यांना.
मिरजेत आईनंही मला तसंच जपलं,
आणि एका रविवारी पोह्यांचा ट्रे हातात देऊन
पाहुण्यांसमोर नेऊन बसवलं.
फोडाला स्वतःचा हात नसतो,
हे जपणाऱ्याच्या लक्षात येत नाही.
लिन्झीला मी तो किस्सा सांगितला होता एकदा.
ती विचारात पडली. म्हणाली,
"मग तुझ्यावर का नाही काढला पिक्चर?"

"माझ्या पिक्चरमध्ये," नेव्हिल म्हणाला,
"मी हिच्यावर चिडलेला असणार. माझ्या चिप्स खाते ही."
आणि मग?
"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी पण चिडलेला."
लिन्झीनं त्याच्या कागदातली
सगळ्यात लांब चिप उचलली.

रात्री नऊला गोळ्या द्यायच्या असतात.
जिना चढून मी दारावर टकटक केलं.
आत टीव्ही, नेव्हिलचं खाकरणं,
आणि कशावर तरी दोघांचं फसफसून हसणं.
"थांब!" लिन्झी ओरडली.

किल्ली गळ्यात होती.
जिन्यातला दिवा, कुणी हललं नाही की
आपोआप विझतो.
विझला.
मी हलले नाही.