दूधपाक, गाळून

जबडा तारेने बांधलाय तुमचा, सहा आठवडे.
मांडवीच्या वळणावर गाय आडवी आली, स्कूटर घसरली,
आणि बत्तीस वर्षं ज्या तोंडाला कुलूप नव्हतं
त्याला डॉक्टर पारीखांनी ते घातलं.
जे काय द्याल ते स्ट्रॉने, म्हणाले.

तीन दिवस डाळीचं पाणी. मोसंबी. परत डाळीचं पाणी.
चौथ्या दिवशी रमीलाबेन दारातूनच म्हणाल्या,
"दूधपाक आपो ने, कुमुदभाभी. ताकात आवशे."
आमच्यात खीर करतात, मी म्हटलं.
"ए ज तो," म्हणाल्या,
आणि वाटीभर कमोद हातावर ठेवून गेल्या.

ए ज नाही.
तुमच्या आईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं:
खिरीत तांदूळ दिसतो, दूधपाकात शोधावा लागतो.
बाबाजीपुऱ्यात सगळा जन्म काढून
या एका बाबतीत त्या गुजरातला शरण गेल्या नाहीत.

मी गेले.
मूठभर तांदूळ धुतला, फडक्यावर कोरडा केला,
तुपाचं बोट चोळलं, दाण्याने दाण्याला धरू नये म्हणून.
पातेल्याच्या तळाशी बशी उपडी टाकली.
ही रमीलाबेनची युक्ती, दूध खाली लागत नाही.
दोन लिटर दूध तापत आलं तशी बशी बोलायला लागली,
खडखड, खडखड,
चार दिवसांत या घरात कुणी इतकं बोललं नव्हतं.
तुम्ही आतून टाळी वाजवलीत.
काय झालं, हे विचारायची तुमची नवी तऱ्हा.
बशी, मी ओरडले. बशी आहे.

दीड तास उभी.
कडेची साय खरवडायची, परत आत ढकलायची.
साखर. वेलची. जायफळ जरासं.
चारोळीचा डबा काढला,
परत ठेवला. स्ट्रॉत अडकेल.

मग गाळलं.
चहाच्या गाळणीने नाही, तिचा वास जात नाही,
खंडेराव मार्केटातून नवी आणली, तीस रुपयांची.

तुम्ही प्यालात. डोळे मिटून, शेवटी सुर्र आवाज येईपर्यंत.
मग पाटी मागितलीत, नातीची, कडेला मणी असलेली.
मी पदर खोचून उभी:
आता 'साखर जास्त' नाहीतर 'आईसारखी नाही'.
तुम्ही लिहिलंत,
तांदूळ कुठे गेले?

गाळणीत, मी म्हटलं.

तळहाताने पुसलंत. पुन्हा लिहिलंत, तिरक्या अक्षरात,
तू खा. गरम आहेत तोवर.

ओट्यापाशी उभी राहून खाल्ले,
गाळणीतूनच, बोटांनी.
मऊ, फुगलेले, गोडीला थोडे कमीच.
गोड बरंचसं खाली उतरलं होतं, तुमच्याकडे.

रमीलाबेनची वाटी धुतली.
रिकामी परत द्यायची नसते,
म्हणून तिच्यात चारोळी भरली.