पत्त्यावर फक्त झाड

क्राइस्टचर्चमध्ये सायकल भाड्याने मिळते
आणि हेल्मेट सक्तीचं. माझ्या हेल्मेटला
आधीच्या कुणाच्या तरी शाम्पूचा वास.
दुकानातल्या मुलीने नकाशावर हिरव्या पेनाने गोल काढले:
हे गुलाब, ही काचघरं, इथे ट्राम थांबते,
इथे बदकांना पाव घालू नका.
नकाशा मुळातच इतका हिरवा
की रस्ते शोधावे लागले.

सकाळ गुलाबांत गेली.
प्रत्येकाच्या पायाशी नावाची पाटी,
राण्या, जहाजं, कुणाची तरी लाडकी भाची.
सुकलेली फुलं छाटणारा माळी
न्हाव्यासारखा अखंड बोलत होता, झाडांशीच.

मग नदी. कॅलमने लांबलचक काठी तळाला टेकवली
आणि आम्ही सात अनोळखी माणसं
विलोच्या फांद्यांखाली एकदम वाकलो,
जणू एकाच देवाला.
"खोल किती आहे?" एका बाईने विचारलं.
"पडलात तर अब्रू जाईल, जीव नाही."
नदीचं जुनं नाव ओटाकारो, तो म्हणाला.
खेळायची जागा.
मोठी माणसं अन्न गोळा करायची,
पोरं काठावर हुंदडायची.

दुपारी नदीच्या कडेकडेने पूर्वेला निघालो,
हिरव्या गोलांच्या बाहेर.
पुलावर रस्त्याच्या कामाचे केशरी शंकू,
प्रत्येकाच्या तोंडात फुलं खोचलेली,
डेलिया, गुलाब, एकात नुसतीच बडीशेप.
फेब्रुवारीचा शेवट. मी कुणाला विचारलं नाही.

पुढे बाग संपली नाही, भिंती संपल्या.
एक लिंबाचं झाड, वीस पावलं गवत, पुन्हा एक लिंब.
कॅमेलियाचं कुंपण, कुणालाच न अडवणारं.
फूटपाथची कड मध्येच उतरती,
गाडी आत वळावी म्हणून.
आत एक निळा पुकेको
लाल पाय उचलून उचलून टाकत
कुणाच्या तरी गॅरेजमधून चालला होता.

नायरी शिडीवर होती. सत्तरी ओलांडलेली, पायात गमबूट.
"धर," म्हणाली,
आणि ओळख व्हायच्या आत बादली माझ्या हातात.
प्लम. काळपट, धुरकट,
अंगठ्याने पुसले की जांभळे.
"एकोणचाळीस नंबर," ती वरूनच म्हणाली.
"तू आमच्या न्हाणीघरात उभा आहेस."
मी पटकन चार पावलं मागे सरलो.
"आता हॉलमध्ये."

भूकंपाचं तिने फारसं सांगितलं नाही.
जमिनीतून करडा चिखल वर आला,
मग कागद आले, मग यंत्रं.
घर एका सकाळीत गेलं.
झाडांना नोटीस द्यायची राहून गेली.

रूबार्ब अजून उगवतं, ते स्वयंपाकघराच्या दाराशी.
त्याच्यावरून ती सगळं मोजते:
इथून चार पावलांवर ओटा,
ओट्यावर खिडकी,
खिडकीत हे झाड, तेव्हा कमरेएवढं.
"शहरातल्या बागा पाहिल्यास ना? सुंदर आहेत.
तिथे फळ तोडलं की ओरडतात."
आणि बी इतक्या लांब थुंकली
की रस्त्यापलीकडच्या चाळीस नंबरच्या अंगणात पडली.

निघताना गवत तुडवत सरळ जाता आलं असतं.
मी रूबार्बला वळसा घातला, दारातून बाहेर पडलो.
पिशवी नव्हती. प्लम हेल्मेटमध्ये घेतले,
म्हणून परतीचा सगळा रस्ता
सायकल हातात धरून,
चालत.