उच्च

माझ्या पाळीला सरकारनं 'उच्च' दिलं.
मला आयुष्यात कशातच उच्च मिळालं नव्हतं,
म्हणून आधी बरं वाटलं.

काका, हे मार्क नाहीत,
निधी पंवार म्हणाली, टोपीनं घाम पुसत.

कंपेलच्या पुढे, खुडैलकडे वळायच्या आधी
आमचं तळं.
होळकरशाही विलीन झाली त्याच्या चौथ्या वर्षी
वडिलांनी पाळ घातली.
गाढवांच्या पाठीवरून आलेली काळी माती,
मधे पिवळ्या चिकणीचा गाभा, सत्तावीस फूट.
एकदाही फुटली नाही.
हे मी तिला दोनदा सांगितलं.

ती पाळीवरून चालली, मी मागे.
बाभळीच्या मुळांपाशी वाकली.
साळिंदराच्या बिळात काठी घातली,
काठी मुठीपर्यंत आत गेली.
सांडव्यावर मी दोन फळ्या ठोकल्यात.
शिंगाड्याला कमरेइतकं पाणी लागतं,
मांगीलाल रायकवार वर्षाचे बावीस हजार देतो.
तिनं फळ्यांचा फोटो काढला,
बोलली काही नाही.

हे सगळं एका रकान्यात मावलं.
स्थिती : मध्यम.

दुसरा रकाना भरताना
तिनं पाळीकडे पाठ केली
आणि खाली बघत मोजू लागली.

धोका भिंतीत नसतो, काका.
भिंतीखाली कोण झोपतं, त्यात असतो.
खाली ज्वारी असती
तर हीच पाळ, याच बिळांसकट,
'कमी'त बसली असती.

खाली ज्वारीच होती.
मग सोयाबीन आलं.
मग, मुलगी कॅनडाला गेली त्या वर्षी,
मी चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले.
पंधरा बाय चाळीस, कोपऱ्याचे थोडे महाग.
'रेवा विहार'ची कमान मीच पसंत केली,
पत्रकात छापलं : तळ्याकाठची हवा.

एकोणतीस, तीस...
दुमजली घर एकच धरायचं ना, मी विचारलं,
आणि माझं मलाच ऐकू आलं.

अंगणवाडीच्या निळ्या दाराशी तिची पेन्सिल थांबली.
पाणी किती वेळात पोचेल?
अकरा मिनिटं.
रात्रीची अकरा मिनिटं फार थोडी असतात, ती म्हणाली.

तिथल्या कुणाला ही पाळ ठाऊक नाही.
ते टेकडी म्हणतात.
संक्रांतीला पोरं वर येऊन पतंग उडवतात,
मी त्यांना खाली हाकलतो,
गवत तुडवतात म्हणून.

मालकाचं नाव?
मुकुंद भालचंद्र दिघे.
कशाकशाचा मालक, असा रकाना नव्हता.
सही केली.

ती गेल्यावर सांडव्यावर उतरलो.
एक फळी निघाली.
दुसरीचा खिळा गंजलाय,
उद्या पक्कड आणीन म्हणतो,
मांगीलालला काय सांगायचं ते बघू.
पाणी नाल्यात पडू लागलं,
भांडं विसळावं एवढाच आवाज.

अंधारात घरं दिसेनात, म्हणून दिवे मोजले.
एक्केचाळीस.
मग कमानीखाली,
चौकीदाराच्या पत्र्याच्या फटीतून
अजून एक लागला.

तो तिनं धरला होता का,
आठवेना.